मराठीचा वर्ग आणि पटकथेचा कागद

पटकथा हा शब्द मराठीच्या वर्गात फारसा उच्चारला जात नाही. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललितगद्य, चरित्र-आत्मचरित्र हा साहित्यप्रकारांचा क्रम आम्ही विद्यार्थी असताना शिकलो आणि आता अध्यापक म्हणून शिकवतो. त्या क्रमात पटकथेला जागा नाही. अलीकडच्या अभ्यासक्रमांत ती आली, पण ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ अशा एखाद्या अभ्यासपत्रिकेत. जाहिरात, बातमी, मुलाखत आणि सूत्रसंचालन यांच्या रांगेत. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ज्या मोजक्या छापील पटकथा आहेत, त्या ‘संकीर्ण’ विभागात लावलेल्या आहेत. नाटकाची संहिता साहित्यात आणि चित्रपटाची संहिता संकीर्णात, हा भेद कुणी विचारपूर्वक केला असेल असे वाटत नाही. तो सवयीने झाला आहे.

वास्तविक मराठी लेखक आणि पटकथा यांचे नाते जुने आहे. शिवराम वाशीकरांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) लिहिला. ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर उभा राहिला आणि त्याच्या लेखनात स्वतः आपटे होते. आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ (१९५३) पडद्यावर आणली आणि तिने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. ग. दि. माडगूळकरांना आपण कवी आणि गीतकार म्हणून ओळखतो, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या हिंदी चित्रपटाचे लेखनही त्यांचेच, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी चकित होतात. ‘पिंजरा’च्या (१९७२) लेखनात शंकर पाटील आहेत. विजय तेंडुलकरांना ‘मंथन’च्या (१९७६) पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अगदी अलीकडे, २०२० साली, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. इतका वारसा असताना पटकथेची आपली समीक्षा मात्र बहुधा चित्रपटपरीक्षणातल्या एका वाक्यात आटोपते: ‘पटकथा बांधीव आहे’, किंवा ‘मध्यंतरानंतर पटकथा रेंगाळते’.

या लेखात पटकथेचे साहित्यशास्त्र मांडण्याचा आमचा आव नाही. आमचा प्रश्न त्याहून व्यावहारिक आहे. मराठीत एम.ए. करणाऱ्या मुलामुलींपैकी काहींना पटकथाकार व्हायचे असते. त्यांना साहित्याचे अध्यापक नेमके काय देऊ शकतात, आणि काय देऊ शकत नाहीत?

आम्ही दोघे तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचा अभ्यास कवितेचा, दुसरीचा नाटकाचा. ‘श्वास’ (२००४) आला तेव्हा आम्ही वेगवेगळ्या विद्यापीठांत एम.ए.च्या वर्गात होतो. माधवी घारपुरे यांच्या एका कथेतून एवढा चित्रपट उभा राहतो, याचे त्या वेळी वाटलेले कुतूहल आम्हां दोघांतही टिकून राहिले. एका महाविद्यालयात आल्यावर आम्ही दर शनिवारी दुपारी एक वर्ग सुरू केला. त्याला ना श्रेयांक आहेत, ना हजेरी. मिळेल ती पटकथा वाचायची, तो चित्रपट पाहायचा, आणि मग विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली दृश्ये मोठ्याने वाचायची, एवढाच कार्यक्रम.

हा वर्ग सुरू झाला तेव्हा हौसेचा होता. आता तसा राहिलेला नाही. सेट-नेट उत्तीर्ण होऊनही आमचे विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवतात. तासिका झाली तर मानधन, सुट्टी लागली की काही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एम.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले, तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्याला प्रशिक्षणासाठी कुठे पाठवायचे, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत बराच वेळ लोंबकळत राहिला. अशा काळात ‘मालिका लिहून पोट भरेल का?’ असे एखादी मुलगी विचारते, तेव्हा तिला केवळ सौंदर्यशास्त्र सांगून भागत नाही.

तरी सुरुवात लेखनापासूनच करायला हवी.

साहित्याच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण वाक्याची असते. तो चांगले वाक्य लिहायला शिकलेला असतो, आणि पटकथेतले वाक्य प्रेक्षकापर्यंत कधीच पोहोचणार नसते. ते वाचणार दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक, नट आणि निर्मात्याचा हिशेबनीस. पटकथा वर्तमानकाळात लिहिली जाते आणि तीत जे दिसते व जे ऐकू येते तेवढेच लिहायचे असते. ठरलेल्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा हिशेब धरतात. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला एकशेवीस पाने. हे नियम सांगायला पाच मिनिटे पुरतात, अंगवळणी पडायला वर्षे लागतात. ‘तिच्या मनात आठवणींचे काहूर माजले’ हे वाक्य कथेत खपून जाते (तेथेही ते खपू नये, हा भाग वेगळा). पण कॅमेरा कुठे ठेवायचा, हे त्यावरून कुणालाही कळत नाही.

यासाठी आमच्या वर्गात एक स्वाध्याय ठरलेला आहे. फळ्यावर एक अमूर्त वाक्य लिहायचे आणि पुढच्या शनिवारी प्रत्येकाने त्याचे दृश्य करून आणायचे. एकदा वाक्य होते: ‘आबांना निवृत्तीनंतर रितेपण जाणवू लागले.’ बहुतेकांनी आबांना खिडकीशी बसवले. कुणी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकवली, कुणी त्यांना जुना फोटो पुसायला लावला. ही सारी दृश्ये आपण आधी कुठे ना कुठे पाहिलेली. एका विद्यार्थिनीचे वडील एस.टी.त वाहक होते. तिने आणलेला कागद असा होता:

‘गावचा एस.टी. थांबा. सकाळ. आबा लोखंडी बाकावर बसले आहेत. वर पांढरा सदरा, खाली जुनी खाकी पँट. बस येते. उतरणारे उतरतात. आबांचे ओठ हलतात. ते माणसे मोजत आहेत. चढणारे चढतात. शेवटची म्हातारी पायरीवर पाय ठेवते, आत जाते. दार लागते. आबा हातातल्या अंगठीने बाकाच्या लोखंडावर दोनदा ठोकतात. टण् टण्. बस सुटते.’

डबल बेल म्हणजे ‘चला’, हे एस.टी.ने फिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘रितेपण’ हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. आबांची ठोक चालकाला ऐकू गेलेली नाही, बस आपल्या वेळेनेच सुटली, हेही तिने लिहिले नव्हते. ते प्रेक्षकाने स्वतःशी लिहायचे. आमच्यापैकी एकाने विचारले, ‘आबा तोंडाने ‘चला’ म्हणाले तर?’ ती म्हणाली, ‘नको सर. मग ते मला सांगताहेत असं वाटेल. आत्ता ते बसला सांगताहेत.’ पटकथेतल्या संवादाविषयी याहून नेमके विधान आम्हांला पुस्तकात क्वचितच भेटले आहे.

अर्थात मनातले सारे कृतीतच उतरवावे लागते असे नाही. ‘द डिसायपल’मधला शरद नेरुळकर रात्री मोटारसायकलवरून जात असतो आणि माई नावाच्या गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने आपल्याला ऐकू येत राहतात. साधना म्हणजे काय, गाणे कुणासाठी गायचे, याविषयीचा तो आवाज (तो सुमित्रा भावे यांचा आहे) शरदच्या मनाचे काम करतो. लेखकाने तेथे निवेदक आणून बसवलेला नाही. ध्वनिफीत ही कथेच्या जगातलीच वस्तू आहे. पात्र ती ऐकते, म्हणून आपणही ऐकतो. चित्रपट जसजसा पुढे सरकतो, तसतसा त्या आवाजातला आदर्श आणि शरदच्या वाट्याला आलेले साधारणपण यांमधले अंतर वाढत जाते. कादंबरीतल्या अंतर्मनाच्या निवेदनाला पडद्यावर पर्याय कसा शोधावा, याचा हा धडा निवेदनतंत्राच्या तासाला खुशाल शिकवावा.

दुसरी गोष्ट दृश्याच्या हेतूची. दृश्य सुरू होताना पात्र जेथे होते, तेथेच ते दृश्य संपतानाही असेल, तर ते दृश्य बहुधा नको असते. आम्ही याचे उदाहरण म्हणून ‘अर्धसत्य’ (१९८३) दाखवतो. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे. अनंत वेलणकर या फौजदाराला त्याची मैत्रीण ज्योत्स्ना एक कविता वाचायला देते. ज्योत्स्ना साहित्याची प्राध्यापिका आहे, ही गोष्ट आमच्यासारख्यांना विशेष सुखावणारी. कविता दिलीप चित्रे यांची आहे. वेलणकर ती सहज वाचू लागतो, वाचता वाचता त्याचा स्वर बदलतो, आणि कागद खाली ठेवणारा माणूस तो उचलणाऱ्या माणसाहून वेगळा झालेला असतो. चित्रपटात कविता आली की ती बहुधा सजावट होते. येथे ती घटना आहे. कवितेचे रसग्रहण उत्तम करणारा विद्यार्थी हे दृश्य पाहतो, तेव्हा आपल्या अभ्यासाचा पटकथेशी संबंध काय, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

रचनेच्या बाबतीत आमचे विद्यार्थी दोन दिशांनी येतात. काहींनी सिड फील्ड यांची ‘स्क्रीनप्ले’ (१९७९) या पुस्तकातली तीन अंकांची चौकट कुठूनतरी ऐकलेली असते: मांडणी, संघर्ष, उकल, सुमारे तीस, साठ आणि तीस पाने. काहींना भरताच्या नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था आणि पाच संधी पाठ असतात, पण त्या परीक्षेसाठी. आम्ही दोन्ही एकाच फळ्यावर मांडतो. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. यांतला गर्भसंधी पटकथाकाराच्या फार उपयोगाचा आहे. तेथे हवे ते हाती येते, निसटते, आणि पुन्हा त्याचा शोध सुरू होतो. मधल्या साठ पानांत काय करायचे, या प्रश्नाने आजचा नवा लेखक हैराण असतो. त्याला मिळणे, हरवणे आणि शोधणे ही लय सापडली तर बरेच काम होते.

मात्र ‘हे सारे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून समाधान मानू नये. भरताची चौकट फल आणि रस यांच्याकडे पाहते, फील्डची संघर्षाकडे. दोन्हींचे प्रेक्षक वेगळे, रंगभूमी वेगळी. शिवाय ताम्हाणे यांच्याच ‘कोर्ट’ला (२०१४) यांतली कोणतीही चौकट सरळ बसत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरचा खटला तारखांमागून तारखा घेत राहतो. न्यायालय उठले की चित्रपट वकिलांबरोबर त्यांच्या घरी जातो, जेवणाच्या टेबलावर बसतो. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते आणि आपण न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. ते बाकावर डुलकी घेत असतात. मुले ओरडून त्यांची झोपमोड करतात आणि ते एका मुलाला थप्पड मारतात. खटल्याचा निकाल आपल्याला दाखवला जात नाही. येथे फलागम कोणता? हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो आणि त्याचे एक उत्तर ठरवून देत नाही. चौकट माहीत असलेल्यालाच ती का मोडली आहे ते कळते, एवढे मात्र विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

साहित्याच्या विद्यार्थ्याचे खरे बळ माध्यमांतरात आहे, असे आमचे मत बनत गेले आहे. तेंडुलकरांनी ‘सिंहासन’ची (१९७९) पटकथा अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून बांधली. संजय कृष्णाजी पाटील यांनी ‘जोगवा’साठी (२००९) राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या घेतल्या. दोन कादंबऱ्यांचे एक चित्रपटकथन करायचे म्हणजे काय ठेवायचे यापेक्षा काय सोडायचे, याचा विवेक लागतो, आणि तो विवेक बारकाईच्या वाचनातून येतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा आम्ही असा उपयोग करतो: विद्यार्थ्यांनी कादंबरीतल्या घटना तेवढ्या कार्डांवर उतरवायच्या, एका कार्डावर एक घटना. कार्डे लावून झाली की कुणीतरी म्हणतेच, ‘कादंबरी कुठे गेली?’ ती मुकुंदच्या बोलण्यात होती, त्याच्या तिरकस, भाबड्या निवेदनात. सुजय डहाके यांच्या चित्रपटात (२०१२) त्या निवेदनाची भरपाई कुठे नजरेने, कुठे शांततेने, कुठे मुलांच्या टोळक्याने केली आहे, हे मग विद्यार्थी आपणहून शोधू लागतात.

माध्यमांतराच्या ओघात परवानगीचा विषय निघतो, आणि तो टाळू नये. दुसऱ्याच्या कथेवर पटकथा लिहायची तर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. त्यामुळे त्यांचे साहित्य २०११च्या आरंभापासून सर्वांना खुले झाले. व्यंकटेश माडगूळकर किंवा पानवलकर यांच्या बाबतीत तसे नाही. ‘लेखक आपल्याच गावचे आहेत, रागावणार नाहीत’ ही भावना सुंदर असली तरी कायद्यात बसत नाही.

येथून आम्ही चरितार्थाकडे वळतो.

शिकण्यासाठी जागा आहेत. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ साली पटकथाकारांसाठी कार्यशाळा सुरू केली; रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) तीतून पुढे आला. परंतु तेथवर पोहोचायला पैसा, इंग्रजी आणि घराचा पाठिंबा लागतो. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा रस्ता मालिकेतून जातो. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे बहुधा तीन माणसे करतात. कथाकार पुढच्या काही आठवड्यांचा मार्ग ठरवतो, पटकथाकार भागाची दृश्ये पाडतो, संवादलेखक ती बोलती करतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता बावीसेक मिनिटे उरतात. मागचा साठा संपत आला की सकाळी लागणारे दृश्य रात्री लिहिले जाते. नवा लेखक सहसा संवादाच्या दाराने आत शिरतो.

वर ज्या विद्यार्थिनीचा कागद दिला, तीही तशीच शिरली. दिवसा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि रात्री एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहायची. चौदा महिने लिहिल्यावरही श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. गेल्या वर्षी निर्मितीसंस्थेने तिच्यापुढे करारपत्र ठेवले. त्यात दोन कलमे होती. नाव द्यायचे की नाही, हे संस्था ठरवेल, हे पहिले. कराराच्या काळात ती जी कोणती कथा, कल्पना वा संहिता लिहील, ती संस्थेच्या मालकीची असेल, हे दुसरे. ती तो कागद घेऊन आमच्याकडे आली. एव्हाना आबा आणि एस.टी. थांबा यांची एकशेबारा पानांची पटकथा झाली होती आणि ती तिसऱ्या खर्ड्यात होती. सही केली आणि चौथा खर्डा कराराच्या काळात लिहिला, तर आबा कुणाचे?

विधी शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या मदतीने आम्ही १९५७चा प्रताधिकार कायदा समोर घेऊन बसलो. साहित्याच्या अध्यापकांनी हा कायदा एकदा तरी वाचावा. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. अद्याप न लिहिलेल्या कृतीचे हक्कही देऊन टाकता येतात. ती कृती लिहिली जाताच ते हस्तांतरण लागू होते. तिच्यापुढचे दुसरे कलम नेमके याच बळावर उभे होते. लेखकपण सांगण्याचा नैतिक हक्क मात्र मालकी गेल्यावरही लेखकाकडे राहतो. २०१२च्या दुरुस्तीने, चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाचा वापर झाला की त्याच्या मानधनातला समान वाटा मागण्याचा लेखकाचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही, असे ठरले.

आणि कल्पनेला संरक्षण नसते. तिच्या अभिव्यक्तीला असते. आर. जी. आनंद या नाटककाराने ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून घेतल्याचा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो फेटाळला. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे होता, पण विषय कुणाच्या मालकीचा नसतो, असा त्या निकालाचा आशय. आशय आणि अभिव्यक्ती यांचा भेद आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो; त्या भेदावर एखाद्याची भाकरी अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांना या निकालामुळे उमगते. म्हणूनच ‘निर्मात्याला गोष्ट नुसती ऐकवून आलो’ असे कुणी म्हटले की आम्ही विचारतो, लिहिली होतीस का? तारीख घातली होतीस का? मुंबईतल्या पटकथालेखकांच्या संघटनेत सभासदांना आपली संहिता नोंदवता येते. ती नोंद पुराव्याच्या कामी येते.

करारावर सही करावी की नाही, याविषयी आमचे एकमत झाले नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की मालिका हा रोजचा रतीब आहे. दूध वेळेवर पोहोचले पाहिजे, त्यात पाणी किती हे कुणी पाहत नाही. टण् टण् लिहिणाऱ्या हाताला चौदा महिने ‘म्हणजे तुम्हाला म्हणायचंय तरी काय?’ हे वाक्य लिहावे लागते, आणि हात बिघडतो. दुसरीचे म्हणणे असे, की रोज लिहिणे हाच रियाज आहे. नट उद्या सकाळी हे वाक्य बोलणार आहे आणि ते त्याच्या तोंडात बसले नाही तर त्याच क्षणी कळणार आहे, अशी कसोटी कोणत्या लेखनवर्गात मिळते? सुमित्रा भावे यांनी ‘बाई’ हा पहिला लघुपट केला तो १९८५ साली, चाळिशी ओलांडल्यावर. ‘कासव’ला (२०१६) सुवर्णकमळ मिळाले तेव्हा त्या सत्तरीपलीकडे होत्या. या कामात घाईने काही बिघडत नाही आणि उशिराने काही संपत नाही, असे तिचे मत.

विद्यार्थिनीने दोघांचे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘मॅडम, तासिकेचं मानधन कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही. मालिकेचं तीन महिन्यांनी येतं. उशीर दोन्हीकडे आहे, पण इथे रोज लिहायला मिळतं.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तिने स्वतःच मार्ग काढला. कराराला एक परिशिष्ट जोडावे आणि आपण आधी लिहिलेल्या संहिता व त्यांचे पुढचे खर्डे त्यातून वगळावेत, असे तिने संस्थेला लिहून कळवले. परिशिष्टात अकरा नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. या तारखा शनिवारच्या वर्गाच्या वह्यांतून मिळाल्या. तेथे प्रत्येक कागदावर दिनांक घालण्याची पद्धत पहिल्यापासून आहे. संस्थेने परिशिष्ट मान्य केले. नावाचे कलम मात्र तसेच ठेवले. तिने सही केली. आजही ती मालिका लिहिते आणि तिचे नाव पडद्यावर येत नाही. आबांची पटकथा चौथ्या खर्ड्यात आहे, नोंदवलेली आहे. एका निर्मात्याने ती दोन तास ऐकली, ‘छान आहे, पण यात घडत काय नाही’ असे म्हटले, आणि पुढे काही कळवले नाही. कथाकथनाची परंपरा असलेल्या भाषेत आपली गोष्ट समोर बसून सांगता येणे हीदेखील शिकवण्याची बाब आहे, हे त्या निमित्ताने पुन्हा लक्षात आले. पुढच्या वेळेसाठी ती दोन तासांची गोष्ट वीस मिनिटांत सांगण्याचा सराव करते आहे. शनिवारी जमेल तेव्हा येते आणि नव्या मुलांचे कागद ऐकते.

असो. आम्ही काय देऊ शकतो, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर मर्यादित आहे. आम्ही काम मिळवून देऊ शकत नाही, ओळखी तर नाहीतच. वाचायला शिकवू शकतो, अमूर्त वाक्य ओळखायला शिकवू शकतो, आणि सही करण्यापूर्वी कागद पुरता वाचायला सांगू शकतो. या तिन्ही गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. माध्यमलेखनाच्या अभ्यासपत्रिकेत पटकथेच्या नमुन्याबरोबर करारपत्राचाही एक नमुना ठेवावा आणि त्यावर एक तासिका द्यावी, अशी सूचना आम्ही आमच्या अभ्यास मंडळाकडे लेखी पाठवली आहे. पुढच्या सत्रात शनिवारी साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या आणि ‘सिंहासन’ शेजारी शेजारी ठेवून वाचायचे ठरले आहे. ज्या महाविद्यालयांत असे वाचन चालते, तेथल्या अध्यापकांनी आपले स्वाध्याय लिहून प्रसिद्ध करावेत. आमच्या वह्यांत आता नव्या वाक्यांची टंचाई भासू लागली आहे.